गुडघ्याचा निकाल

मी बॅडमिंटन का सोडलं विचारता ना? ऐका मग. नांदेडच्या सामन्यात तिसऱ्या गेमला शटल उचलायला पुढं झेपावले आणि गुडघ्यात कट्‌कन आवाज झाला. लातूरच्या डॉक्टरांनी एमआरआय बघून सांगितलं, "आता बॅडमिंटन खेळणं विसरा."

माझी आई निलंग्याहून धावत आली होती. तिनं विचारलं, "पर चालता तर येईल ना पोरीला?"

"चालता येईल की."

आईनं तिथंच हात जोडले. "लई उपकार झाले, साहेब! जीवच गेला होता माझा."

बारा वर्षं खेळण्याशिवाय दुसरं काही शिकलेच नव्हते मी. आई आनंदानं रडत होती. तिच्या खांद्यावर डोकं ठेवून मीही रडले. तिला वाटलं, मलाही आनंदच झाला.