चिखलीकडचं टोक

नाही साहेब, खुर्ची नाही इथं. खुर्ची विमानाच्या क्लबच्या ऑफिसात असते अन् ऑफिसाले तुमीच कुलूप ठोकलं. उभ्यानं लिहा. नाहीतर बसा त्या टायरवर, पँट खराब होईल, तुमची आहे. अन् या चौकशीच्या कागदावर सही मी करणार नाही, आधीच सांगून ठेवतो. वाचता येते मले. सातवीपर्यंत गेलो, हळूहळू वाचतो, पण एवढं येते — ‘प्रशिक्षणार्थी पायलट विरुद्ध दिशेने उतरली.’ प्रशिक्षणार्थी काय? पूनम म्हणा. पूनम नाव होतं माह्या बहिणीचं. गावच्या शाळेत शिकली अन् विमान चालवत होती, एकटी, सोबत मास्तरीण न घेता. बारा दिवस झाले तिले जाऊन. हे डोकं काय शौक म्हणून भादरलं मी? परवा दहावा झाला, अन् तुमी आज येऊन एका ओळीत तिले चूक ठरवून राह्यले.

तुमचे विमानतळ मोठाले. तिथं वर काचेच्या खोलीत माणूस बसते — तू थांब, तू ये, तू फिरून ये. इथं कोण बसते? इथं टॉवरच नाही. इथं पायलटच एकमेकांले सांगतात रेडिओवर — मी इकून येऊन राह्यलो, मी वळलो, मी आता उतरतो — सगळे एकाच लाइनवर, ऐकणारा थांबते. बाकी काय, डोळे. अन् ती खांबावरची पिशवी, वारा दाखवते ती. वारा समोरून घेऊन उतरायचं, म्हणजे सगळे एकाच बाजूनं उतरतात, तोंडाले तोंड येत नाही. मले काय शिकवता, ती पिशवी फाटली की मीच शिवतो. तीन वर्षं झाली मले या धावपट्टीवर. बकऱ्या हाकलायच्या, कुत्रे हाकलायचे, पिशवीवर नजर ठेवायची, अन् हा हातातला रेडिओ ऐकायचा. ऐकायचाच. शिकवणाऱ्या रेवती मॅडमनं बजावून ठेवलं — गोविंदा, अगदी जिवावरचं काही दिसलं तरच बटण दाबजो.

बोलली ना. बोलली ती रेडिओवर, कोण म्हणते नाही बोलली? तो पुण्याचा पायलट, शंतनु का कोण, पाय मोडून पलंगावर पडला आहे अन् म्हणते मले काही ऐकू आलं नाही. कसं येईल? दोघांनी एकाच टायमाले बटण दाबलं. दोघं सोबत बोलले की कोणाचंच जात नाही, नुसती चिर्र होते. झाली चिर्र. मी ऐकली ना. मॅडमनं सांगतलं होतं, चिर्र झाली की समजायचं दोन जण आहेत वर, म्हणायचं पुन्हा बोला — पण ते पायलटचं काम, माह्यं नाही. रेडिओ? रेडिओ गाडीच्या हँडलले लटकवला होता. गाडी तिकडं होती. पट्टीच्या चिखलीकडच्या टोकाले. काऊन म्हणजे? गाडी कुठं उभी करावी याचाही कायदा आहे काय तुमच्यात?

कोणतं पिवळं? हां, त्यानं सांगतलं असंन, पट्टीवर पिवळं पिवळं दिसलं म्हणून. हाड मोडलेल्या माणसाले काहीही दिसते. तुमी दोनदा फिरून आले ना तिकडून, मोबाइलनं फोटो काढत — दिसलं काही? मंग. बरं, सोयाबीन असंन. दिवाळीच्या तोंडावर कोणतं डांबर रिकामं असते आपल्याकडं? येताना रस्त्यावर नाही दिसलं? अर्धा रस्ता सोयाबीन अन् अर्ध्यात एस्टी. ओला दाणा मातीवर टाकला की बुरशी धरते, डांबर तापते, दोन उन्हात खणखणीत. अन् या पट्टीसारखं डांबर आख्ख्या तालुक्यात नाही. टाकतात लोक. मी हाकलतो त्याईले. त्या दिवशी कोणाचं होतं ते मले काय माहीत.

असे पाहू नका माह्याकडं.

माह्यं होतं. आमचं घरचं. लिहा, लिहा ना, आता काऊन थांबला पेन? सकाळी आली ती, दप्तर गळ्यात, पाहून हसली. म्हणे, काय बे गोव्या, विमानतळावर खळं केलं काय? मी म्हणलं, ताई, चारपर्यंत उचलतो, तू आज दुसऱ्या टोकानं, खामगावकडून उतर, नाहीतर तुह्या पंख्यानं सगळं उडून जाईल. म्हणे, अन् वारा फिरला तर? मी म्हणलं, वारा कुठं आहे आज, पिशवी पाह्य कशी लोंबून राह्यली. अन् नव्हताच ना वारा, साहेब. तीन वाजता उठला, खामगावकडून. पिशवी भरली. पाहिली मी. हातात फावडं होतं, दाणे पालटत होतो. तो पुण्यावाला पिशवी पाहून बरोबर चिखलीकडून आला, पिवळं दिसलं म्हणून विमान त्याच्या पुढं टेकवायले गेला. अन् ही तिकून, पाठीवर वारा घेऊन. मंग चिर्र. मले वाटलं, हे फावडं ठेवतो अन् जातो गाडीपाशी. दोघांनी एकमेकांले पाहिलं अन् दोघांनीही विमान वर उचललं. दोघांनीही. एकानं खाली ठेवलं असतं तर…

नियम विसरली नव्हती ती. दोन वेळा परीक्षेत पहिली आली. ती काही विसरत नव्हती. भावानं सांगतलं म्हणून तिकून आली. हे आहे काय तुमच्या फॉर्मात, याले रकाना आहे?

लोकांनी जीपमध्ये टाकलं तिले, खामगावले नेलं. आई बसली सोबत, मले म्हणे चल. मी नाही गेलो. सोयाबीन गोळा करत होतो. आधी फावड्यानं, मंग झाडूनं, मंग हातानं. चार पोते. दाणा ठेवला नाही एक, म्हणूनच तुमाले काही दिसलं नाही. ती नांदुऱ्याचं वळण लागायच्या आधीच — जाऊ द्या. आई सांगते सगळ्याईले, पोरगी शुद्धीत नव्हती, बडबडत होती. जीपमध्ये दोनदा विचारलं म्हणे तिनं — गोव्याचं सोयाबीन उडालं काय? दहाव्याले आलेल्या बाया मान हलवत होत्या, डोक्याले मार होता म्हणे बिचारीच्या. मीबी मान हलवली.

ती पाहा, आई येऊन राह्यली, डबा घेऊन. तो कागद खिशात घाला. घाला म्हणलं ना. तिच्यासमोर एक शब्द काढायचा नाही. सही उद्या देतो. नाही, उद्याबी येऊ नका. तुमची गाडी उन्हात तापली असंन, निघा आता. मले फाटक लावायचं आहे.