मिलिंदच्या वाटणीचा पेरू

एकट्यानं पळणं काय असतं, ते मला विचारा. सत्याहत्तर साल असंल. पोलीस भरतीसाठी मी अन् मिलिंद रोज सकाळी सेलूहून देवगाव फाट्याकडं पळायचो. त्याला मिलिटरीत घेतलं, तो गेला. माझी भरती तोंडावर अन् मी एकटा. दम लागला की पाय थांबायचे. मग मी त्याच्या घोगऱ्या आवाजात ओरडायचो, "चल की लेका, त्या बाभळीपर्यंत!" अन् माझ्या आवाजात उत्तर द्यायचो, "आलो, आलो!"

वाटेत एक म्हातारी पेरूचा मळा राखायची. तिला दिसायचं लय कमी. एका सकाळी मला माझीच लाज वाटली, म्हणून मुकाट्यानं पळालो. तिनं हाक मारली.

"आज एकलाच का रं लेकरा? तुझा जोडीदार कुठाय?"

म्हणलं, "ताप आलाय त्याला, मावशी."

तिनं चाचपून दोन पेरू माझ्या हातात ठेवले. "एक त्याला दे. जप त्याला. तोच पळवायलाय तुला, तू निस्ता 'आलो, आलो' करतूस."

फाट्यावर बसून माझा पेरू खाल्ला. मग बराच वेळ वाट बघून त्याचाबी मीच खाल्ला.