नरम तारेचा कटर

ईशा, निनाद,

आपल्या वर्ध्याच्या घराशेजारचे देवराव तुम्हाला आठवत असतील. आज सकाळी ते जिथे काम करतात त्या कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसातून एक इंग्रजी कागद घेऊन आले. त्यावर त्यांची सही हवी होती. मी वाचून अर्थ सांगितला: कामगाराच्या निष्काळजीपणामुळे त्याचा डावा डोळा गेला. देवराव इतके संतापले की पुढ्यातल्या पाण्याला हातही लावला नाही. म्हणाले, त्यायनं त्यायचं लिवलं, बाई, आता तुमी माहं लिवा. ते बोलले तसंच, त्यांच्याच शब्दांत मी खाली उतरवलं आहे. उद्या ते हे घेऊन ऑफिसात जाणार आहेत, म्हणून आजच तुम्हालाही पाठवते.

मी मूळचा वडनेरचा. बाप जिनिंगमंधी सरकी भरे, माय कापूस वेचे, आन मिसरूड फुटायच्या आंधी मीही जिनिंगमंधीच आलो. कापसाची गठाण तारेनं आवळायची, वजनात खोटी निघाली का तार कापून पुन्हा खोलायची, हे माहं काम. पयले तार नरम ये. तिच्यावर कानस घासली का कानस धरे, भुसा पडे. तिले साधा कटर पुरे. मंग मालकानं कडक तार आनली, तिच्यावर कानस नुसती घसरे, वरखडाही नाई. काय सांगू तुमाले, हातालेच समजे का हे लोखंड येगळं हाय. मी मुकादमाले म्हनलं, भाऊ, हिले आखूड, जाड पात्याचा कटर पायजे, हा नरम तारेचा हाय, याचं पातं तुटन. तो हासला. म्हने, देवराव, तू इंजिनेर कवा झाला गा? लोखंड म्हनजे लोखंड, दाब जोरानं. एक डाव सांगतलं, दोन डाव सांगतलं, तिसऱ्या डावा म्हने, जमत नसन तं घरी जाय, गेटावर मानसं उभी हायेत.

घरी जाऊन काय खाऊ? दाबलं मंग. तार तशीच राह्यली बाई, पात्याचा कोपरा उडाला आन सरका डोळ्यात. आन तोच मुकादम दवाखान्यात आला, हातात केळं घेऊन, म्हने, कसं झालं गा हे? कसं झालं इचारते! मी म्हनलं, लोखंड म्हनजे लोखंड, भाऊ. केळं तितंच ठेवून पयाला.

आन आता त्यायचा कागद म्हंते मी निष्काळजी! दर तारेवर कानस मारून पाहनारा मी, तीन डाव सांगनारा मी, आन निष्काळजीही मीच? बायको म्हने, करून टाका सही, नाई तं कामावर घेनार नाई. नाई घेतलं तं नाई घेतलं. उद्या त्यायचा कागद बिनसहीचा त्यायच्या टेबलावर ठेवतो, आन तुमी लिवलेलं हे सगळ्याइच्या समोर मोठ्यानं वाचाले लावतो, मुकादमालेच. डावा डोळा गेला. उजवा शाबूत हाय, आन कोनती तार नरम, कोनती कडक, हे या हाताले अजून समजते.