मोठं काही असेल तर

पोटात कळ येते म्हणून तातडीच्या विभागात आलेल्या मावशी आपला नंबर येण्याची वाट बघत खाटेवर पडून होत्या. पडद्यापलीकडे डॉक्टरीणबाई एका म्हाताऱ्या शिंप्याच्या पोटावर सोनोग्राफी करत होत्या.

“जेल गार लागेल हं, आजोबा. मोठा श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा आता.”

“दिसलं काही?”

“पित्ताशयात खडा नाही. मूत्रपिंडंही ठीक आहेत.”

“नीट बघा. नुसता पीळ पडलाय पोटात.”

“आत्ताच तर म्हणालात, कमी झालंय.”

“मधूनच उठतो. डावीकडे बघितलंत?”

“बघितलं. घरी कोण असतं?”

“मी आणि रेडिओ. बोलतो तो एकटाच.”

“मुलंबाळं?”

“लेक आहे, लांब असते. मोठं काही असेल तर कळवा, धावत येते म्हणाली.”

“मोठं काही नाहीये. चांगलंच आहे की.”

“हो, चांगलंच आहे. जेल पुसू नका एवढ्यात. एकदा परत बघता का?”

“बरं. श्वास घ्या. धरून ठेवा.”

पलीकडे मशीनच्या बटणांची टकटक झाली आणि थांबली.

“अहो आजोबा, सोडा तो श्वास.”

“दिसलं?”

“नाही.”

मशीनची चाकं कुरकुरत मावशींच्या खाटेशी आली. त्यांची कळ केव्हाच थांबली होती. हातातल्या फोनवर मुलाचा मेसेज मघापासून तसाच होता, ‘निघू का?’

“बोला मावशी, कुठे दुखतंय?”

मावशींनी आधी ‘ये’ लिहून पाठवलं.

“सगळीकडे,” त्या म्हणाल्या.