न भरलेली उसण

...अहो, पाय मोडला असता ना, तर छाती पुढे काढून सांगितलं असतं! प्लास्टर दाखवलं असतं, एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून दाखवला असता, लोक हळहळले असते, 'अरेरे, एवढा दणकट माणूस आणि काय ही वेळ!' पण माझं काय? हात जागेवर, पाय जागेवर, भूक तर विचारूच नका, आणि तरी एका सकाळी व्यायामशाळेत गेलो, नेहमीसारखा हाताला खडू चोळला, वाकलो, बार धरला... आणि उचलावासाच वाटेना! तुम्हाला सांगतो, तसाच वाकून राहिलो. मागे रांगेत उभा असलेला एकजण म्हणाला, 'काही शोधताय का?' म्हटलं, 'नाही, बुटाची नाडी बांधतोय.' बुटाला नाडी नव्हतीच, पट्टे होते! त्यानं बुटाकडे बघितलं, मी पण बघितलं, आणि मी सरळ पाणी प्यायला निघून गेलो.

बरं, झालं काय होतं? काही नाही!

बरं, एक दिवस होतं असं एखाद्याचं. पण दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. वीसेक वर्षं मी वजनं उचलतोय हो! कुणी गाणं शिकतं, कुणी पोहतं, मी लोखंड खालून वर नेतो आणि वरून खाली सोडतो. आणि नुसता मी नाही, सगळं घर त्या लोखंडाभोवती फिरतं. बायको पहाटे उठून अंडी उकडणार. आईनं समोरच्या काचेच्या कपाटातले स्वतःचे चांगले कप माळ्यावर टाकले आणि तिथं माझी पदकं मांडली. आमच्या सासऱ्यांनी मुलगी दिली ती माझा पगार बघून नव्हे, खांदे बघून! इमारतीत कुणाचं कपाट हलवायचं असलं की हाक मलाच. आणि आता ह्या सगळ्यांना काय सांगू? की मंडळी, माफ करा, मला आता... वाटत नाही?

आमच्या कोचनी बरोबर हेरलं. कोपऱ्यात घेतलं आणि सुरू, 'काय रे? घरी भांडण?' नाही. 'नोकरीत काही?' नाही. 'मग आहे काय? कारण सांग, कारण असलं की इलाज असतो!' अहो, आता कारणच नाही तर आणू कुठनं? 'कंटाळा' हा शब्द दोनदा ओठांवर आला, पण तुम्हाला सांगतो, त्या व्यायामशाळेत तुम्ही आईबहिणीवरनं शिवी द्या, चालेल, पण कंटाळा? छ्या! समोर आमचे कोच, ज्यांनी माझ्यासाठी स्वतःच्या सकाळी खर्ची घातल्या... आणि तोंडातनं निघून गेलं, 'सर, कंबरेत उसण भरलीय.'

विरघळला हो माणूस! डोळ्यांत पाणी! 'अरे गाढवा, मग बोलायचं नाही का आधी? मी काय राक्षस आहे? जा, घरी जा, उसणीत घाई करायची नसते.' मी कंबरेवर हात ठेवून बाहेर पडलो, कोपऱ्यापर्यंत तसाच वाकडा चाललो, कोपरा वळल्यावर ताठ झालो, पुढं ओळखीचा इस्त्रीवाला दिसला म्हणून पुन्हा वाकडा झालो... आणि मग ध्यानात आलं, मघाशी डावीकडे हात होता की उजवीकडे? घामच फुटला! व्यायाम न करता त्या दिवशी जेवढा घाम आला तेवढा वर्षभरात आला नव्हता.

घरी काय विचारता! बायकोनं गरम पाण्याची पिशवी आणली. आई, जिला स्वतःला गुडघ्यांमुळे खुर्चीतनं उठायला दोन माणसं लागतात, ती माझ्यासाठी जमिनीवर बसली, तेलाची वाटी घेऊन. मी पालथा पडलोय, ती चोळतेय, तिचे गुडघे कुरकुर वाजतायत, आणि 'आई गं' कोण म्हणतंय? मी! ती घाबरून विचारते, 'जोरात लागलं का रे?' आणि मी म्हणतो, 'जरा हळू.' जीभ झडली कशी नाही माझी?

बरं, झालं काय होतं? काही नाही!

आणि खरी गंमत तर पुढंच! आम्ही राहतो चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. प्यायच्या पाण्याचा तो मोठा जार असतो ना, तो खालून वर आणायचा. पूर्वी मी दोन खांद्यांवर दोन जार घेऊन एकेक पायरी गाळत चढायचो, लोक दारात येऊन बघायचे, आणि मला काही बघितलेलं वाईट वाटायचं नाही, खोटं कशाला बोलू! आता? आता बायको जार उचलणार. एक पायरी चढणार, टेकवणार, श्वास घेणार, दुसरी पायरी. आणि मागनं मी. दारातनं तिरका होऊन आत शिरावं लागतं असा माझा देह, आणि हातात काय? तर तिची पर्स!

तळमजल्यावरचे काका, सत्तरी कधीच ओलांडली, काठी टेकत बाहेर आले आणि माझ्या हातातली दुधाची पिशवीसुद्धा काढून घेतली. 'तू रिकामा चढ बाबा, कंबर म्हणजे खेळ नाही.' आणि ते काठी, पिशवी आणि दम सांभाळत माझ्या पुढं चार मजले चढले. वरून उतरणारे लोक बायकोला म्हणायचे, 'वहिनी, आम्ही धरू का?' आणि मग माझ्याकडे बघून, 'काय, कंबर कशी आहे?' मी म्हणायचो, 'आहे तशीच.' एवढं एक वाक्य काय ते मी त्या दिवसांत खरं बोलत होतो.

तुम्ही म्हणाल, मग बरी झाली म्हणून टाकायचं! अहो, म्हणजे पुन्हा व्यायामशाळा! पुन्हा तो बार, पुन्हा ती रांग, पुन्हा बुटाची नाडी! इकडं आड, तिकडं आमचे कोच. रात्री ठरवायचो, सकाळी हिला सगळं सांगायचं. सकाळी ती कण्हत खांदा चोळत चहा करताना दिसायची, की माझं धैर्य चहाबरोबर पोटात जायचं. लाज वाटायची म्हणून सांगत नव्हतो, आणि सांगत नव्हतो म्हणून आणखी लाज वाटायची.

आणि एका सकाळी तिसऱ्या मजल्याच्या वळणावर जार टेकवता टेकवता ती ओरडली, 'आई गं!'

तुम्हाला सांगतो, त्या क्षणी कळलं, खरं 'आई गं' कसं असतं! मी इतके दिवस जे काढत होतो ते नाटकवाल्यांनीसुद्धा हाकलून दिलं असतं. ही जी वाकली ती वाकलेलीच. जार सुटला आणि गडगडत खाली निघाला, आणि मी... मी विचारच केला नाही हो. पर्स फेकली, गुडघ्यात बसलो, पाठ सरळ ठेवली, आणि बायकोला उचलली! अलगद! आणि धडाधड जिने उतरायला लागलो, दवाखाना गल्लीच्या तोंडाशी आहे ना.

दुसऱ्या मजल्यापर्यंत ती नुसती कण्हत होती. मग डोळे मिटूनच म्हणाली, 'कंबर बरी दिसते तुमची.'

माझे पाय चालू.

'कधीपासून बरी आहे?'

म्हटलं, 'पहिल्यापासून.'

'म्हणजे भरलीच नव्हती?'

'नाही.'

'अहो, मग झालं काय होतं?'

आणि पहिल्यांदा, वजन छातीशी धरून, तळमजल्याच्या पायऱ्यांवर, काका काठी घेऊन दारात उभे, समोर फुटलेला जार, सगळीकडे पाणी... मी म्हणालो, 'कंटाळा आला होता गं.'

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. एक चापट मारली असती तरी चाललं असतं, तोंड जवळच होतं. पण ती हळूच म्हणाली, 'मग सांगायचं होतंत. मी काय तुमच्या वजनांशी लग्न केलं होतं? मलाही येतो कंटाळा. पहाटे उठून अंडी उकडायचा रोज येतो. मी कुठं उसण भरवून घेतली?'

काकांनी मान फिरवली. मी तसाच पाण्यातनं पाय ठेवत चालत राहिलो. भूमाता पोटात घेते म्हणतात, पण आमच्या गल्लीत सगळी फरशी.

डॉक्टरांनी तपासलं, पडून राहायला सांगितलं आणि मला विचारलं, 'घरात वजन उचलायला दुसरं कुणीच नाही का हो?' हे विचारताना ते माझ्या खांद्यांकडे बघत होते. खांद्यांमुळे त्यांच्या खोलीत उजेड येत नव्हता.

संध्याकाळी आमचे कोच माझी कंबर बघायला आले. मी दारातच काहीतरी जुळवत होतो, तेवढ्यात आतनं बायकोचा आवाज, 'अहो सर, ह्यांना कंटाळा आला आणि उसण मला भरली!' आई पलंगाशी बसली होती. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि तेलाची वाटी उचलून सुनेच्या बाजूला ठेवली. बस. एवढंच. कोच छताकडे बघत म्हणाले, 'मला कोचिंगचा येतो रे अधूनमधून,' आणि चहा न घेता गेले.

आता जार मी आणतो, भाजी मी आणतो. रोज संध्याकाळी बायकोला उचलून खाली नेतो, काकांच्या अंगणात खुर्चीवर बसवतो, तिच्या गप्पा झाल्या की उचलून वर आणतो. आठवडाभर विश्रांती सांगितली होती डॉक्टरांनी. त्याला आता महिना होऊन गेला! काल मी जरा लवकर घरी आलो, तर दाराबाहेरनं स्पष्ट ऐकू आलं, आत कुणीतरी चपला घालून भराभरा चालतंय आणि वर गाणं गुणगुणतंय. आईचे गुडघे तर तुम्हाला माहीत आहेत! दार उघडलं, तर ही पलंगावर, डोळे मिटलेले, पायांत चपला. मला बघून म्हणाली, 'आई गं... आलात? जरा खाली नेता का?'

मी विचारणार होतो हो, की बाई, खरं सांग, दुखतंय का अजून? पण मी? मी कुठल्या तोंडानं विचारू? गुडघ्यात बसलो, पाठ सरळ ठेवली, आणि उचलली.