चौथीची भरती तीनला

...आणि म्हणे आराम! अहो, कसला आराम? तीन दिवस नि तीन रात्री, त्यातला अर्धा वेळ मी त्या केबिनीतल्या बाथरूमची कडी धरून उभी, आणि ते बाथरूम केवढं, तर आपल्या देव्हाऱ्याएवढं, आत गेलं की वळता येत नाही, वळायचं असेल तर आधी बाहेर यायचं, बाहेर वळायचं, मग उलट्या पावलांनी आत जायचं! तुम्हाला सांगते, जहाजावर सुट्टीला जायचं तर खुशाल जा, मी नको म्हणणार नाही, समुद्र काय, देवच तो... पण आधी विचारून घ्यावं माणसाने. सगळं. एकूण एक.

आता तुम्ही म्हणाल, मालगुंडात राहणारी बाई, समुद्राची गाज ऐकत भाकऱ्या थापणारी, तिला पैसे मोजून समुद्र बघायची अवदसा कुठून आठवली? शेजारच्या विमलावैनी हेच म्हणाल्या. "काय गो, पडवीतून दिसत नाही का तुला?" त्या स्वतः जाऊन आलेल्या, ते मोठं जहाज असतं ना गोव्याला जाणारं, चाळीएवढं, नाचगाणी, वर पोहायचा तलाव... समुद्रात तलाव! मी विचारलं, "वैनी, समुद्र कसा दिसतो हो तिथून?" तर म्हणतात कशा, "समुद्र बघायला वेळ कुणाला होता? जेवणाची रांग चुकली असती!"

म्हणून मी लहान जहाज धरलं. चाळीसच माणसं. लहान जहाजाचं बरं असतं, ते किनाऱ्याकिनाऱ्याने जातं, खाडीच्या तोंडाशी थांबतं, होडीतून आपल्याला गावात उतरवतं, आणि दुसऱ्या दिवशी कप्तान नावाने हाक मारून "चहा झाला का?" विचारतो. वाईट एवढंच, की ते हलतं. हे कुणी आपणहून सांगत नाही. विचारून घ्यावं.

पण मी काही हौसेने गेले नव्हते हो. नवस होता. सव्वीस वर्षांचा थकलेला नवस!

आमचे हे जहाजावर. इंजिनात. ऑइलर म्हणून लागले, तेहतीस वर्षं तेच केलं. नऊ महिने तिकडे, तीन महिने इकडे. तर आमची शमिका आठ महिन्यांची असताना यांचं जहाज कुठल्याशा आखातात वादळात सापडलं आणि इंजिन बंद पडलं. अकरा दिवस पत्ता नाही! मुंबईच्या ऑफिसात फोन लावला की तिथली मुलगी म्हणायची, "मॅडम, संपर्क होत नाहीये, तुम्ही काळजी करू नका." काळजी करू नका! म्हणजे काय करू, पापड लाटू? अकराव्या दिवशी पोरीला खाकोटीला मारलं, चालत गणपतीपुळ्याला गेले आणि देवाला म्हटलं, माणूस जिवंत परत येऊ दे, आम्ही दोघं जोडीने, समुद्रावर रात्री काढून, समुद्रावरून येऊन तुला नारळ वाहू.

बघा, नुसता नारळ म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी फिटला असता. पण माणूस घाबरला की देवापुढे नको एवढ्या अटी घालतो! जोडीने काय, रात्री काढून काय... आणि संध्याकाळी घरी येते तर निरोप आलेला. सगळे सुखरूप.

मग इतकी वर्षं फेडला का नाही? अहो, हे घरी यायचे ते पावसाळ्यात. होड्या शाकारून किनाऱ्यावर चढवलेल्या, समुद्र खवळलेला, जाणार कशाने? आणि यांना सांगितलंही नाही. घरी आलेल्या माणसाला परत समुद्रावर चला कुठल्या तोंडाने म्हणायचं? राहिलं. दर संकष्टीला देवापुढे उभी राहायची नि कान धरायची, फेडते हो, विसरले नाही.

दोन वर्षांपूर्वी हे कायमचे घरी आले. आणि तुम्हाला सांगते, खुर्ची टाकायचे ती विहिरीकडे तोंड करून. समुद्राकडे पाठ! मी म्हणायची, "अहो, इकडे वारा आहे." तर, "हं." या माणसाने आयुष्यभर इंजिनाचा आवाज ऐकला, त्यामुळे घरात बोलायचं ते एवढंच, "हं." त्या हं मध्ये सगळं येतं, आमटीत मीठ कमी आहे तेही आणि मुलीचं लग्न ठरलं तेही.

शेवटी गेल्या दिवाळीत शमिकाने मोबाइलवर या लहान जहाजाचं दाखवलं. मुंबईहून निघतं, कोकण किनाऱ्याने खाली येतं, तिसऱ्या दिवशी सकाळी गणपतीपुळ्यासमोर! मला तर वाटलं, देवानेच पाठवलं. म्हणजे आधी मालगुंडातून रत्नागिरीला, तिथून गाडीने मुंबईला, आणि मुंबईहून जहाजाने परत आपल्याच घरासमोर. शमिका हसली. मी म्हटलं, हस, नवसाला जवळची वाट नसते.

त्या जहाजवाल्यांचा संदेश म्हणून मुलगा फोनवर असायचा. गोड हो! पण मी त्याला सोडला नाही. विचारून घ्यावं ना! केबिन कुठली? तर सगळ्यात खालची, मधली घ्यावी, टोकाची नाही, मधे कमी हलतं. बॅग? मऊ घ्यावी, कडक पेटी पलंगाखाली जात नाही. तिकिटात काय काय येतं, गावात उतरवायच्या होडीचे पैसे त्यात की वेगळे, वारा सुटला आणि निघालंच नाही तर काय, हे सगळं लिहून मागायचं, तोंडी नाही. गोळी पोटात ढवळायला लागल्यावर नाही, निघायच्या आधी घ्यायची. मग मी विचारलं, "बाळा, मार्गशीर्ष आहे, आणि त्यात माझी विनायकी. उपासाचं मिळेल का?"

"हो मावशी, जैन फूड आहे."

"अरे, उपास म्हणजे जैन नव्हे. साबुदाणा आहे का?"

"मावशी... पास्ता आहे."

शेवटी त्याच्या स्वयंपाक्याशी बोलले. वऱ्याचे तांदूळ माझे, गॅस त्यांचा, असं ठरलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, "समुद्रात नारळ सोडलेला चालेल का?" तर म्हणाला, "मावशी, प्लास्टिक चालणार नाही." मी म्हटलं, "आमच्याकडे अजून झाडाचेच लागतात."

तारीख? ती मी पंचांगात बघून घेतली. गणपतीपुळ्याची सकाळ बरोब्बर विनायकी चतुर्थीला येईल अशी फेरी. चतुर्थीला समुद्रावरून येऊन गणपतीच्या पायाशी नारळ... अंगावर काटा आला नुसता! तिकीट काढलं आणि मग यांच्यापुढे ठेवलं. नवसाचं सगळं सांगितलं, रडले पण थोडी. हे विहिरीकडे बघत होते. मग विचारलं, "तिथी कुठली म्हणालीस?"

"चौथ."

"चौथ... हं."

मला वाटलं, माणूस तयार झाला!

पाच नारळ घेतले बरोबर. एक नवसाचा, बाकीचे आपले असावेत. तर ते मऊ बॅगेत राहतात होय? जहाज डावीकडे कललं की पाच नारळ गडगड गडगड डावीकडे, उजवीकडे कललं की उजवीकडे! शेजारच्या केबिनीतली पुण्याची बाई सकाळी विचारते कशी, "तुमच्याकडे कुणी बॉलिंग खेळतं का हो?" आणि मी? मी तुम्हाला आधीच सांगितलं, कडी धरून उभी. आलेपाक चघळत. यांना काही नाही! जहाजावर पाय ठेवल्या ठेवल्या कान टवकारले, "दोन नंबरच्या पंपाचा आवाज बरा नाही," म्हणाले नि खाली गेले ते जेवायलाच वर आले. खिडकीची केबिन घेतली हो मी, जादा पैसे देऊन! आणि हा माणूस इंजिनात, हाताला तेल, आणि तिथल्या पोरांना शिकवतोय. तेहतीस वर्षांत घरात बोलले नसतील एवढे शब्द त्या पंपाशी बोलले. आपला माणूस सुट्टीत काय करणार आहे तेही... आधी विचारून घ्यावं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ केली, म्हणजे डोक्यावर एक तांब्या आणि भिंतीवर चार. नऊवारी नेसले. त्या हलत्या डब्यात नऊवारी! तबक, हळद-कुंकू, नारळ. वर येते तर कप्तान सांगतोय, "माफ करा, आज उतरता येणार नाही. पूर्ण सुकती आहे, खाडीच्या तोंडाला पाणी नाही, होडी वाळूत बसेल. आपण इथूनच दर्शन घेऊ आणि बारा वाजता पुढे निघू."

सुकती! नऊ वाजता!

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. अहो, आमच्याकडे शेंबड्या पोराला येतं, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चौथ, चारची पाऊणपट तीन. तीनला भरती. म्हणजे नऊला पार ओहोटी! जन्म गेला हे गणित ऐकण्यात, कालवं काढायला जायचं तरी हेच गणित. पण पंचांग उघडलं ते देवासाठी, पाण्यासाठी नाही. चौथ म्हणजे गणपती, एवढंच सुचलं मला. संदेशला साबुदाणा विचारला, उशी विचारली, आणि पाणी विचारलं नाही!

तिथेच बसले खाली. सव्वीस वर्षं हो! देव समोर, दिसतोय, कळस दिसतोय, आणि मधे वितभर पाणी नाही म्हणून जाता येत नाही. डोळ्यांतून धार. तेवढ्यात हे आले वर, तेलाचे हात पुसत.

मी म्हटलं, "अहो, भरती..."

"तीनला. ठाऊक आहे. चौथ म्हणालीस तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"विचारलंस कधी गो?"

घ्या! मी उठून काहीतरी बोलणार, तर यांनी माझा खांदा धरला नि मला किनाऱ्याकडे वळवलं. "ते बघ," म्हणाले, "त्याचं तोंड कुणीकडे आहे?"

आता मला काय माहीत नाही? देव पश्चिमेला तोंड करून. पण तुम्हाला सांगते, मी सव्वीस वर्षं देवापुढे उभी राहिले ती त्याच्याकडे तोंड करून, म्हणजे समुद्राकडे पाठ करून. कधीकधी रागवायची पण, म्हणायची, माझ्याकडे बघत का नाहीस रे? आणि त्या दिवशी पाण्यावरून बघितलं तेव्हा कळलं... तो माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होता. यांच्याकडे. मी सांगितलं होतं तेच करत होता बिचारा!

हे म्हणाले, "आता सोड नारळ. पाणी भरायला लागलंय. तीनपर्यंत भरती नेऊन ठेवेल त्याच्या पायरीशी. आपल्याला होडी कशाला?"

दोघांनी हात लावला. सोडला. डुबुक झाला, वर आला, डुलत डुलत निघाला किनाऱ्याकडे, जसा काही रस्ता ठाऊक आहे. मी हात जोडले. फिटला! तर हे म्हणतात, "अजून एक दे."

"अहो, नवस एकाचाच होता."

"तुझा."

मी विचारलं, "तुमचाही?" तर यांनी सांगितलं. तेच अकरा दिवस. तेच इंजिन. खाली अंधार, गुडघाभर पाणी, आणि यांनीही देवाला सांगितलेलं, घरी पोचव, पुन्हा समुद्रावर पाऊल ठेवणार नाही. आणि तीन महिन्यांनी परत गेले. पोरगी अजून वर्षाचीही नाही, घर शाकारायचं होतं, दुसरं काय येत होतं त्यांना? प्रत्येक खेपेला नवस मोडून जात राहिले. निवृत्त झाल्यावर ठरवलं, आता तरी पाळायचा. म्हणून ती खुर्ची विहिरीकडे.

आणि मी काय केलं? माझ्या नवसासाठी तिकीट काढून त्यांचा नवस मोडला. त्यांच्याच हातात दिलं ते तिकीट!

"अहो, मग सांगायचं तरी! मी नसते..."

"माझा तर कितीदा मोडलेला," म्हणाले. "तुझा आधी."

बघा! संसारात सगळं विचारलं हो मी, भाजी कुठली, चहा ठेवू का, पाठ चोळू का. हे तेवढं विचारलं नाही.

दिला दुसरा नारळ. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलले, आणि सोडला. तोही निघाला पहिल्याच्या मागोमाग. मी हळूच विचारलं, शिकले होते ना आता, "काय म्हणालात देवाला?"

"माफी मागितली. आणि म्हटलं, तेहतीस वर्षं खाली होतो, समुद्र असा वरून कधी बघितलाच नाही. बरा आहे. दर वर्षी येऊ. जोडीने."

दर वर्षी! जोडीने! अहो, मी तीन दिवस आलेपाकावर जगलेली बाई, मनातल्या मनात शपथ घेऊन बसलेली, की एकदा घरी पाय लागू दे, पुन्हा पडवीतूनच बघीन... मला कुणी विचारलं? पण बोलून झालं होतं. नारळ गेला होता. भरतीला लागलेला नारळ काही मागे बोलावता येत नाही.

कालच संदेशला फोन केला. या खेपेला पाण्याचं गणित यांनीच केलं. नऊला भरती हवी तर तिथी बारस. म्हणजे आदल्या दिवशी माझी एकादशी, निर्जळी... चला, तेही बरंच झालं म्हणायचं. पोटात काही नसलं म्हणजे कडी धरायला नको.