दुपारचा आकडा

तिकीट खिडकीमागच्या बाईंना रांगेतल्या मामा-भाचीचं बोलणं आपसूक ऐकू येत होतं.

"मामा, तिकीट काढू नकोस. माशांची आणखी पिल्लं आणलीस तर तीही मरतील."

"अगं, तूच दिलेलं मीटर रोज तलावात बुडवतो. प्राणवायू भरपूर आहे. मासे मरतात ते खाद्यामुळे."

"रोज कधी बुडवतोस?"

"दुपारी, जेवण झाल्यावर. डोंगरातलं पाणी ते! पहाटे हात घालून बघ, बोटं गळून पडतील."

"आणि मेलेले मासे कधी दिसतात?"

"सकाळी."

"दिवसा उन्हात शेवाळ प्राणवायू तयार करतं. अंधार पडला की ते थांबतं. पाण्यातले जिवाणू मात्र रात्रभर श्वास घेतच असतात. त्यात तळाशी तुझं उरलेलं खाद्य, म्हणजे त्यांची चंगळ."

"असतील घेत. एवढेसे ते, घेऊन घेऊन किती घेणार?"

"काल दुपारी मीटरवर आकडा आठ होता. आज उजाडायच्या आधी मी मोजलं, तर दोन. एवढ्याशा प्राणवायूत मासे गुदमरतात."

"दोन? मीटर बिघडलं असणार."

"तीनदा मोजलं. जेवण झाल्यावर विचारलंस, तर भूक लागलीय असं कोण म्हणेल?"

"तोंड अगदी आईसारखं चालतं तुझं."

"पुढचे या," बाई म्हणाल्या. "कुठलं तिकीट?"

मामा खिडकीशी जरा घुटमळले.

"तिकीट राहू द्या. इथे हातमोजे कुठे मिळतात हो?"

"रबरी घे," भाची मागून म्हणाली. "लोकरीचे भिजतील."